पटाशीसरांचा चौदावा नियम

लिफ्टशेजारच्या काचेच्या चौकटीत सोसायटीचे एकवीस नियम लावलेले होते. त्यातला चौदावा नियम रोज थांबून वाचणारा माणूस अख्ख्या इमारतीत एकच होता, आणि तोही वाचायचा कारण तो त्यानेच लिहिला होता. चौथ्या मजल्यावर मुला-सुनेकडे राहणारे प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. कॉलेजातली पोरं त्यांना मागे पटाशीसर म्हणत. समोरचे दोन दात अंमळ पुढे होते हे एक कारण. दुसरं असं, की समोर आलेल्या माणसाला थोडं तासल्याशिवाय सर सोडत नसत. नाव सरांना ठाऊक होतं आणि मनातून ते आवडायचंही.

नियमाचा जन्म असा. तीन वर्षांपूर्वी पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूने पाळलेले पांढरे उंदीर पिंजऱ्यातून सुटले आणि त्यांनी सायकलींच्या खोलीत चार सीटं कुरतडली. कमिटीने नियम केला: 'इमारतीत उंदीर पाळू नयेत.' शहाण्या माणसाने यावर मान हलवून घरी जायचं. सरांनी तो कागद दोन बोटांच्या चिमटीत उचलला.

"उंदीर म्हणजे? घूस चालेल? हॅमस्टर चालेल? उद्या कुणी साळिंदर आणलं, तर काय सांगणार त्याला, तुझं नाव यादीत नाही?"

अध्यक्ष म्हणजे खिळे-बिजागऱ्यांचं दुकान चालवणारा साधा गृहस्थ. तो भाबडेपणाने म्हणाला, "मग चिचुंद्रीपण टाका सर."

सर हसले. ते हसले की समोरच्याला आपल्या शर्टाचं बटण उघडं राहिलंय की काय असं वाटायचं. "चिचुंद्री उंदरांतली नव्हेच! शाळेत काय करत होतात?"

मग त्यांनी खिशातलं पेन काढून स्वतः लिहिलं: 'कृंतक गणातील कोणताही प्राणी, जात वा आकार काहीही असो, या इमारतीत पाळता येणार नाही.' कृंतक म्हणजे कुरतडणारे, वर दोन आणि खाली दोन पटाशीचे दात, जन्मभर वाढत राहणारे, हेही त्यांनी सांगितलं. तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंचा जीव घाबराघुबरा झाला, कारण त्यांच्याकडे ससा होता. सरांनी त्यांना अभय दिलं. सशाच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी दोन बारके दात असतात, म्हणून ससा कृंतक नव्हे. काकूंना यातलं फक्त 'नव्हे' कळलं, आणि तेव्हापासून त्या सरांना आपल्या सशाचे तारणहार मानू लागल्या.

सर खूश होते. इतरांच्या अज्ञानाएवढं दुसऱ्या कशानेही त्यांना बरं वाटत नसे.

आणि मग, दोन महिन्यांपूर्वी, त्यांच्याच घरात बटाट्या आला.

नातीच्या नवव्या वाढदिवसाला तिच्या मैत्रिणीने खोक्यात घालून दिलेला, तपकिरी-पांढरा, शेपूट नसलेला, रंगारूपाने खरंच बटाट्यासारखा गिनीपिग. गिनीपिग कृंतक असतो हे त्या घरात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि तो माणूस गप्प बसला. नियम दुसऱ्याच्या घरासाठी असतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण सरांसारख्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच कुणीतरी केली असावी. पण खरं सांगायचं तर, गप्प बसण्याचं कारण नुसतं ढोंग नव्हतं. नात, जिला घरात सगळे छोटी म्हणत, ही त्या घरात सरांशी आपणहून बोलणारी एकमेव व्यक्ती होती. मुलगा पहाटे कामाला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. सून कामापुरतं बोलायची. आणि तीही का बोलेल? पहिल्याच वर्षी तिने कोळ्याला कीटक म्हटलं होतं, आणि सरांनी पाहुण्यांसमोर तिला कोळ्याचे आठ पाय मोजून दाखवले होते.

छोटी शाळेतून आली की चार वाजता जेवणाच्या टेबलाशी बसायची. सर बटाट्यासाठी काकडीच्या चकत्या करायचे आणि ती एक प्रश्न विचारायची. रोज एकच. उत्तर मिळालं की ती ते एका वहीत उतरवायची. वहीच्या पुठ्ठ्यावर तिने जाड अक्षरांत लिहिलं होतं: 'खऱ्याची वही'. वटवाघूळ पक्षी नसतं. वाळवी म्हणजे मुंगी नव्हे. साप ऐकत नाही असं नाही, जमिनीतून ऐकतो. दीडशे पानांत एकही शंका नव्हती. आबांनी सांगितलं की ते पेन्सिलीने नाही, पेनने लिहायचं, असा तिचा स्वतःचा दंडक होता. सरांना आयुष्यात पुष्कळ मानपत्रं मिळाली होती, पण त्या वहीएवढं त्यांना कशाचंच मोल नव्हतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हते.

बटाट्याबद्दलही एक पान होतं. 'गिनीपिग कृंतक असतो. खारीचा आणि साळिंदराचा लांबचा भाऊ. एकूण दात वीस. सगळे वाढत राहतात.' शेजारी चार पटाशीच्या दातांचं चित्र, खाली सरांची सही.

बटाट्याला एक खोड होती. फ्रिजचं दार उघडलं की तो शिट्टी मारायचा. अशी शिट्टी, की भिंतीला भोक पडावं. मुलगा पहाटे साडेपाचला दूध काढायला फ्रिज उघडायचा, आणि भिंतीपलीकडे दातांचा डॉक्टर झोपलेला असायचा. त्याने महिनाभर सोसलं, मग कमिटीकडे लेखी तक्रार दिली. तक्रारीत नियम क्रमांक चौदा अक्षर न् अक्षर उतरवलेला होता. रविवारी मीटिंग ठरली. नियम लागू झाला तर आठवड्याच्या आत प्राणी इमारतीबाहेर.

छोटी त्या दिवशी जेवली नाही. पिंजऱ्याशेजारी पाय पोटाशी घेऊन बसून राहिली.

"आबा," सून म्हणाली, "नियम तुमचाच आहे. मीटिंगमध्ये सांगा, लिहिताना विचार केला नव्हता, एवढा बदला. लोक ऐकतील. लोक तेवढे वाईट नाहीत."

"विचार केला नव्हता?" सर म्हणाले. "मी?"

सुनेने भांडी आवरायला घेतली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला.

शुक्रवारी बटाट्याची नखं कापायची होती. सर खोकं घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डोक्यात बेत शिजत होता: एक दाखला हवा. डॉक्टरचा शिक्का बघितला की खिळेविक्या अध्यक्ष काय समजणार? आत पन्नाशीकडे झुकलेली डॉक्टरीणबाई. तिने बटाट्याला हातात घेतलं, मग सरांकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "पटाशीसर!"

"कॉलेजला होतीस?"

"होते. एक वर्ष जास्तच होते. तुमच्या कृपेने."

सरांना आठवेना. नापास केलेले विद्यार्थी त्यांना कधी आठवत नसत. नाहीतर दुसरं काही आठवायला जागाच उरली नसती. डॉक्टरीणबाईने नखं कापता कापता आठवण करून दिली. तोंडी परीक्षा. टेबलावर ट्रे, ट्रेमध्ये गिनीपिगची कवटी. गण कोणता? ती म्हणाली होती, सर, नेहमीचं उत्तर कृंतक, पण आता एका परदेशी मासिकात लेख आलाय, जनुकं तपासून काहीजण म्हणतात की गिनीपिग कृंतक नव्हेच. लेखाची प्रत ती बरोबर घेऊन आली होती. सरांनी प्रतीला बोटही लावलं नाही. 'मासिकं वाचून दात बदलत नाहीत,' म्हणाले, आणि शून्य दिलं.

भिंतीवर, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी, एक फ्रेम होती. त्याच लेखाचं पहिलं पान.

"पण मी बरोबर होतो!" सर म्हणाले. "नंतर सगळं खोडून निघालं. जास्त प्राणी तपासले, जास्त जनुकं तपासली, आणि गिनीपिग परत कृंतकांत आला. आहेच तो कृंतक."

"हो. तुम्ही बरोबर होतात. पण त्या दिवशी तुम्हाला ते माहीत नव्हतं सर. तुम्ही लेख वाचलाच नव्हता. तुम्हाला एवढंच माहीत होतं, की मी विद्यार्थिनी आणि तुम्ही सर." तिने शेवटचं नख कापलं. "बोला. काय काम होतं?"

आता अशा वेळी दुसरा एखादा नखं कापून घेऊन मुकाट घरी गेला असता. सरांनी दाखला मागितला. गिनीपिग कृंतक नाही, असा.

डॉक्टरीणबाई हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने सगळी हकिगत विचारून घेतली, आणि सरांनी सांगितली, नियम कुणी लिहिला ते मात्र पुटपुटत.

"मग सोपंय की! उभे राहा आणि सांगा, मी जरा जास्त शहाणपणा केला, नियम बदला. पाच मिनिटांचं काम."

"नियमात काही चूक नाही."

"त्या दिवशीही तुमच्यात काही चूक नव्हती." तिने बटाट्याला खोक्यात ठेवलं. "खोटा दाखला मी देत नाही. पण थांबा." तिने भिंतीवरची फ्रेम उतरवली, मागून पान काढलं, कोपऱ्यातल्या मशीनवर त्याची झेरॉक्स काढली आणि ती सरांच्या हातात दिली. "हे खोटं नाही, नुसतं जुनं आहे. तेव्हा बघितलं नव्हतंत, आता बघा. पुढे काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

सरांनी पान घडी घालून खिशात ठेवलं. घरी जाईपर्यंत त्यांनी स्वतःला समजावलं होतं, की हे फक्त अडीअडचणीला.

रविवारी सायकलींच्या खोलीत नऊ घरांची नऊ माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली. दाराशी पायरीवर छोटी. मांडीवर खोकं, खोक्यावर खऱ्याची वही. येऊ नकोस म्हटलं तरी आली होती. आईने तिला सांगितलं होतं, की आबा नियम बदलून घेतील. ती आबांकडे अशी बघत होती, जसं आजारी मूल औषधाच्या बाटलीकडे बघतं.

दातांच्या डॉक्टरने तक्रार वाचली. शिट्टीची नक्कलही करून दाखवली, आणि खोक्यातून लगेच उत्तर आलं. सगळे हसले. डॉक्टर चिडला. "हसण्यासारखं काय आहे? मीही दात ओळखतो. ते चार दात बघा, हा उंदरांतलाच प्राणी आहे. आणि नियम सरांचाच आहे, कृंतक गण, जात वा आकार काहीही असो."

बरोबर बोलत होता. सरांना त्याचाच जास्त राग आला. माणसांचे बत्तीस दात मोजणारा हा गडी, तेही समोरच्याने आ केला तर, आणि आज भर सभेत त्याचं उत्तर बरोबर यावं!

तेवढ्यात शिवणवाल्या काकू उठल्या. "अहो, एवढं काय त्यात? एक ओळ टाका ना, 'गिनीपिग सोडून'. लेकरू बघा कसं बसलंय. आणि फ्रिजचं म्हणाल तर पिंजरा दुसऱ्या खोलीत ठेवतील रात्रीचा. काय गं, ठेवशील ना?"

छोटीने जोरात मान हलवली.

अध्यक्षाचा चेहरा खुलला. पुढे पाण्याच्या टाकीचा विषय होता आणि त्याला दुकान उघडायचं होतं. "टाकू की! करा हात वर." त्याने वही उघडली, पेन काढलं. हात वर जाऊ लागले. एक, दोन, चार. सरांनी ते मोजले. सहा. सातवा अर्धा वर. काम झालं होतं. बटाट्या राहत होता, छोटी उठून उभी राहिली होती, आणि सरांना तोंडातून एक शब्द काढायचीही गरज नव्हती.

"लिहून घेतो," अध्यक्ष म्हणाला आणि लिहिता लिहिता मोठ्याने बोलू लागला, "मूळ नियमात... चूक... असल्यामुळे..."

"वा!" दातांचा डॉक्टर खुर्चीत मागे रेलला. "म्हणजे एवढ्या मोठ्या प्राध्यापकांचीसुद्धा चूक होते तर!"

कुणीतरी फिसकन हसलं. काही विशेष नव्हतं त्यात. घरोघरी होतं तसं चेष्टेचं हसू. पण सर उभे राहिले.

"एक मिनिट. चूक खोडा ती."

अध्यक्षाचं पेन थांबलं.

"नियमात चूक नाही. नियम शास्त्रशुद्ध आहे. चूक तुमच्या प्राण्याच्या ओळखीत आहे." त्यांनी खिशातून झेरॉक्स काढली, घडी उलगडली, आणि तीस वर्षं वर्गाला ज्या आवाजाने दातखीळ बसवली होती त्या आवाजात म्हणाले, "गिनीपिग कृंतक नाही. हे आंतरराष्ट्रीय मासिकातलं संशोधन आहे. शीर्षकच वाचा. जनुकांवरून सिद्ध झालेलं. डॉक्टरसाहेब, आपलं क्षेत्र माणसाचं तोंड. तेवढ्यापुरतंच राहावं."

कागद हातोहात फिरला. कुणीही पहिल्या ओळीच्या पुढे गेलं नाही. काकूंनी तो उलटा धरून मान डोलावली. ससा नव्हे, गिनीपिग नव्हे, सर जे म्हणतील ते नव्हे. दातांच्या डॉक्टरने कागद दोनदा पाहिला आणि पुढे दिला. लेखाखालची तारीख त्यालाही दिसली नाही.

"म्हणजे नियम बरोबर, प्राणी वेगळा," अध्यक्ष म्हणाला. "छान. तक्रार निकालात. आता टाकी."

सर बसले. सगळी सभा चितपट केली होती. त्यांनी दाराकडे बघितलं, जिंकलेला माणूस बघतो तसं. छोटी उभीच होती. तिने वही उघडून बटाट्याचं पान काढलं होतं, आणि ती त्या पानाकडे आणि आबांकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने वही मिटली, खोकं उचललं आणि ती जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती टेबलाशी आली. सरांना हायसं वाटलं. त्यांनी काकडी घेतली.

"आबा, बटाट्याचं पान खोडू का?"

सरांनी दोन चकत्या केल्या. "नको. राहू दे."

"म्हणजे तो कृंतक आहे?"

"आहे."

"मग काल?"

"काल..." सर म्हणाले. "ते मीटिंगपुरतं होतं. त्याला तुझ्याजवळ राहता यावं म्हणून."

"पण काकूंनी सांगितलेलं तर सगळ्यांना पटलं होतं. मी हात मोजले. सात होते."

सरांनी काकडीचं टोक कापून बाजूला ठेवलं. पोरगी मोजायला त्यांच्याकडूनच शिकली होती. काहीतरी बोलायला हवं होतं. 'माझी चूक' असं मला म्हणवलं नाही, एवढं एक वाक्य होतं, लहान, सोपं, नऊ वर्षांच्या मुलीला सहज कळणारं. ते जिभेपर्यंत आलं आणि दातांपाशी अडलं.

"आजचा प्रश्न विचार," ते म्हणाले.

छोटीने थोडा विचार केला. "देवमासा मासा असतो का?"

"अजिबात नाही!" सरांचा आवाज एकदम मोकळा झाला. "सस्तन प्राणी. फुप्फुसाने श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. लिही."

छोटीने पेनचं टोपण काढलं. वहीवर वाकली. मग थांबली, आणि मान वर करून अगदी साधेपणाने विचारलं. रागावून नाही, टोमणा म्हणूनही नाही. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"हे खरं आहे, की मीटिंगपुरतं?"

सरांनी तिच्याकडे बघितलं. हजारो मुलांची उत्तरं त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली होती. आज समोरची परीक्षा घेत होती, आणि त्यांच्याकडे दाखवायला उत्तर होतं, बरोबर होतं, आणि तरी ते उपयोगाचं नव्हतं.

"खरं आहे," ते म्हणाले.

छोटीने जरा वेळ वाट बघितली, आणखी काही येतंय का म्हणून. मग टोपण परत लावलं.

"थांब हं," ती म्हणाली, "मी आईला विचारून येते."

ती स्वयंपाकघरात गेली. आत दोघींचं बोलणं सुरू झालं, हलक्या आवाजात. सरांना शब्द कळले नाहीत. कुणीतरी फ्रिज उघडला आणि पिंजऱ्यातून बटाट्या शिट्टी मारू लागला.